ताबेते मिमास

निवृत्तीनंतर मी पुण्यात एका बाईंकडे जपानी शिकायला जाऊ लागलो. वयानं त्या माझ्या लेकीएवढ्या. पण शिकवणाऱ्याला ‘सेन्सेइ’ म्हणायचं, तिथं वय आड येत नाही. पुस्तक ‘मिन्ना नो निहोंगो’. प्रत्येक वाक्य मी आधी मनात इंग्रजीत जुळवायचो. बाईंनी ते ओळखलं. म्हणाल्या, “इंग्रजी बाहेर चपलांजवळ ठेवून येत जा.”

मग त्यांनी वहीत लिहिलं, ‘काल मित्राबरोबर रेल्वेने मुंबईला गेलो.’ खाली जपानी : ‘किनो तोमोदाची तो देन्शा दे मुंबई ए इकिमाशिता.’ शब्दाखाली शब्द लावून पाहा, एकही जागचा हलत नाही. ‘बरोबर’ला ‘तो’, ‘ने’ला ‘दे’, ‘ला’ला ‘ए’. आणि प्रश्न करायचा तर शेवटी ‘का’! ‘इकिमास का?’ जाता का? निव्वळ योगायोग, पण मला त्या दिवशी घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

‘मला मांजर आवडतं’ हे वाक्य तर इंग्रजीतून शिकणाऱ्याला छळतं. जपानीत या मांजराला कर्माचा ‘ओ’ लागत नाही, कर्त्याचा ‘गा’ लागतो : ‘नेको गा सुकी देस’. आपल्याला त्यात नवल कसलं? मराठीतही आवडणारं मांजरच कर्ता असतं.

खरी गंमत पुढे आली. ‘ताबेते’ म्हणजे खाऊन, ‘मिरु’ म्हणजे बघणं. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं, अगदी आपल्याच अर्थानं! ‘काइते ओकु’ लिहून ठेवणं. ‘ताबेते शिमाउ’ खाऊन टाकणं. हे ठेवणं-टाकणं इंग्रजीत समजावताना घाम फुटतो.

सगळंच काही इतकं सोपं नाही. गेलो, गेली, गेले, सगळ्यांना एकच ‘इकिमाशिता’, ही सूट मिळते खरी. पण पेन्सिली मोजताना ‘इप्पोन, निहोन, सानबोन’ आणि कागदांना वेगळाच ‘माइ’. मी सपशेल आपटलो तो मात्र ‘देणं’ या साध्या क्रियापदावर. ‘बाईंनी मला पुस्तक दिलं’ म्हणताना मी ‘आगेमाशिता’ म्हणालो. चूक! माझ्याकडून दुसऱ्याकडे जातं ते ‘आगेरु’, दुसऱ्याकडून माझ्याकडे येतं ते ‘कुरेरु’. म्हणजे इथं ‘कुरेमाशिता’ हवं. मराठीत दोन्हीकडे ‘दिलं’, त्यामुळे इथं मराठी काही मदतीला येईना. आठवडाभर घोकलं.

दिवाळीत बाईंसाठी चकल्या नेल्या आणि ऐटीत म्हणालो, “सेन्सेइ नि आगेमास.” बाई हसल्या. “व्याकरण बरोबर आहे हो. पण शिक्षकाला तोंडावर ‘आगेमास’ म्हटलं की त्यात उपकाराचा सूर लागतो. नुसतं ‘दोझो’ म्हणा.”

“दोझो,” मी म्हणालो.

त्यांनी एक चकली उचलली. “ताबेते मिमास.”