पदवी होती, खोली नव्हती

(झाशीत पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मराठीभाषक विद्यार्थ्यांसमोर केलेलं भाषण)



माझे वडील रेल्वेच्या नोकरीत नागपूरहून झाशीला आले. कानपूर रस्त्यावरून जाताना बुंदेलखंड विद्यापीठाचं फाटक दिसायचं. 1975 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ. पण फाटकाच्या आत काय असतं, हे सांगणारं आमच्या घरात कुणी नव्हतं. दहावीच्या पुढे कुणी गेलंच नव्हतं.

आज तुमच्या हातात माहितीपत्रक आहे. कुठल्याही विद्यापीठाचं घ्या, त्यात सुविधा, संशोधन, कंपन्यांशी करार आणि मानद पदव्यांचे फोटो असतातच. ते कसं वाचायचं, एवढंच सांगतो.

मानद पदवीपासून सुरू करू. कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना 1952 साली मानद पदवी दिली, उस्मानिया विद्यापीठाने 1953 साली. आपण हे अभिमानाने सांगतो. पण 1917 साल आठवा. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून ते बडोदा संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून एका पारशी वसतिगृहात राहिले, तर तिथूनही लोकांनी काठ्या घेऊन बाहेर काढलं. पदवी होती, खोली नव्हती.

मी एम.ए.साठी दुसऱ्या शहरात गेलो. तिथे वसतिगृहाची यादी लागायला दिवाळी उजाडली. तोवर घरमालक आधी आडनाव विचारायचे, मग म्हणायचे, "खोली कालच गेली." मी स्टेशनवर बसून अभ्यास केला.

म्हणून इमारतींचे फोटो बघून भुलू नका. राखीव जागा किती, यादी कधी लागते, ग्रंथालय रात्री किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे विचारा.

आता करार. कॅम्पसवर येणाऱ्या खासगी कंपन्यांना नोकरीत आरक्षणाचं बंधन नसतं. त्यातल्या अनेक जणी दहावीपासून सलग साठ टक्के मागतात. दिवसा काम करून दहावीला पंचावन्न टक्के मिळवलेला मुलगा मुलाखतीपर्यंत पोचतच नाही. ही अट शेवटच्या वर्षी कळून उपयोग नाही, आजच विचारा.

संशोधनाचं म्हणाल तर विषय आपल्या दारात आहेत. झाशीची झलकारीबाई कोरी समाजातली. तिच्या नावाचं टपाल तिकीट 2001 साली निघालं, पण त्याआधी कित्येक वर्षं तिची गोष्ट वस्त्यांनी तोंडी जपली. राणीपूरच्या मागांवर कापड विणणाऱ्यांचा हिशेब त्यांच्याच घरातल्या मुलीने मांडला, तर ते संशोधन वेगळं होईल.

शेवटची गोष्ट. वसतिगृह असो की शिष्यवृत्ती, अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. नकार मिळाला तर तोही लेखी मागा. अर्ज कसा लिहायचा हे कळत नसेल तर सभा संपल्यावर थांबा. मी कागद-पेन घेऊन इथेच बसलोय.

जय भीम.