पडवीची ताटी



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या पाटण खोऱ्यात पावसाळ्याच्या तयारीची घाई उडते. घर शाकारायचे, जळण आत घ्यायचे, वैरण झाकायची. या घाईत एक काम नेहमी मागे पडते, ते म्हणजे पडवीला आडोसा करणे. मग मृगाची पहिली झड आली, की मिळेल तो प्लॅस्टिकचा कागद खिळ्यांनी ठोकून आपण मोकळे होतो. दोन वाऱ्यांत तो फाटतो.

आता तुम्ही म्हणाल, पडवीचे एवढे काय मोठे? पण विचार करा. म्हातारी माणसे पडवीत बसतात, मुले तिथेच अभ्यास करतात. शिवाय पडवीमागची भिंत बहुधा मातीतल्या बांधणीची असते. चार महिने तिच्यावर झड बसली, तर ती आतून भिजते, फुगते आणि एके दिवशी खचते. म्हणजे पडवीची ताटी ही भिंतीची छत्रीच समजा.

अलीकडे काही जण पडवीच्या कडेला विटांची भिंत चढवून हा प्रश्न सोडवतात. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपात दीडशेहून अधिक माणसे दगावली, हजारो घरे पडली. पडली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंतींची. घराशी नीट न सांधलेली सुटी भिंत धक्क्यात आधी ढासळते, आणि पळणारा माणूस नेमका पडवीतूनच बाहेर येत असतो. शिवाय भिंतीने माजघर अंधारते, चुलीचा धूर कोंडतो. हलकी ताटी अंगावर आली तरी जीव घेत नाही. आपले वाडवडील कारवीचे कूड घालीत, त्यात हेही शहाणपण होते.

आज कारवी तोडायला रानात जाता येत नाही. कोयना अभयारण्य १९८५ साली झाले आणि २०१० पासून तो भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. पण बांबू आपल्या बांधावर असतो. वनाबाहेरचा बांबू २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातील 'झाड' या व्याख्येतून वगळला गेला आहे.

बांबू निवडताना तीन वर्षांचा जून घ्यावा. कोवळ्यात पिठूळ अंश फार असतो, त्यालाच किडा लागतो व भुसा गळतो. पावसाळा सरल्यावर तोडलेला बांबू बरा. तो वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवला, की तो अंश बराचसा धुऊन जातो. टाकणखार व बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवला तर आणखी टिकतो. गावातल्या बुरुडाकडून ताटी विणून घ्याल, तर कांबीची पाठ, म्हणजे गुळगुळीत बाजू, पावसाकडे ठेवायला सांगा. तिच्यावरून पाणी निथळते.

आता बसवण्याकडे वळू. पावसाळी वारा मुख्यतः पश्चिमेचा व नैऋत्येचा. पण डोंगराच्या खोऱ्यात तो वळणे घेतो. म्हणून पहिल्या झडीनंतर भिंतीवर ओल कुठवर आली, ते कोळशाने आखून ठेवा. ती रेघ सांगेल तिथेच ताटी. वाऱ्यामागची बाजू उघडी राहू द्या.

ताटी एकसंध मोठी नको. दोन खांबांमधल्या एका खणाला एक, म्हणजे एकटा माणूस उचलील अशी. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या का उभ्या राहिल्या, ते आपल्याला ठाऊक आहे. त्या वाऱ्यापुढे बंद पत्रा किंवा कागद शिडासारखा फुगतो. विणलेली ताटी थोडा वारा गाळून जाऊ देते, त्याचा जोर मोडते, म्हणून टिकते.

वरच्या बाजूला आडवी दांडी बांधून तिला ताटी टांगावी, खालचे टोक थोडे बाहेर काढून खांबाला दोरीने आवळावे. त्यामुळे पाणी जोत्यावर न पडता बाहेर ठिबकते. खाली चार बोटे जागा सोडा, नाहीतर वाळवी चढते. वरही वीतभर जागा धुरासाठी ठेवा. बांबूला खिळा ठोकू नका, तो फाटतो. बांधा, किंवा आधी भोक पाडा. चुलीजवळ ताटी नको. पावसाळा संपला की ताटी उतरवून, वाळवून माळ्यावर ठेवा.

ताटीने डास मात्र थांबत नाहीत. त्याला बारीक जाळीच हवी: इंचाला सोळा घरांची, म्हणजे भोक सव्वा मिलिमीटरच्या आत. तिचा गुण जुना आहे. १९०० साली रोमजवळच्या हिवतापाच्या दलदलीत सॅम्बन आणि लो हे डॉक्टर जाळी लावलेल्या झोपडीत संपूर्ण मोसम राहिले. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत ते आत असत, आणि त्यांना हिवताप झाला नाही. पण जाळीला एक फट राहिली, की ती असून नसल्यासारखी. म्हणून सारी पडवी जाळीने मढवण्यापेक्षा निजण्याच्या खोलीच्या खिडक्यांना आधी जाळी लावा. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि साठवलेल्या पाण्यात वाढतो. त्याला जाळी पुरत नाही. आठवड्यातून एक दिवस सारी भांडी व हौद रिकामे करून, घासून कोरडे ठेवलेच पाहिजेत.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. शाळेच्या व्हरांड्यात झड येत असेल, तर ओलीची ती रेघ मुलांकडूनच आखून घ्या. वारा, पाऊस आणि उतार यांचा धडा त्यांना त्या रेघेवर मिळेल. पुढच्या वर्षी ताटी कुठे लावायची, हे तीच मुले घरी सांगतील.

पाऊस काही आपल्या हातात नाही. तो घरात किती घ्यायचा, हे मात्र आपल्या हातात आहे.