विहिरीच्या तळाशी समुद्र



आपल्या गटातल्या कितीतरी जणी ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी, नाहीतर मालकांच्या बदलीमुळे संसार पाठीवर घेऊन परगावी राहतात. मी आज बोलणार आहे ते समुद्रातल्या एका बेटावरच्या राहण्याबद्दल. बेटाचं नाव कवरत्ती. लक्षद्वीपचा कारभार इथून चालतो. आमच्या ह्यांची तिथे बदली झाली आणि आम्ही दोन वर्षं तिथे काढली.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं आहेत, वस्ती फक्त १० बेटांवर. सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी ३२ चौरस किलोमीटर भरते. कवरत्ती जेमतेम ४ चौरस किलोमीटरचं. केरळातल्या कोचीहून समुद्रातून सुमारे ४०० किलोमीटर जावं लागतं. बाहेरच्या माणसाला परवाना लागतो. डोंगर नाही, नदी नाही, ओढा नाही. पांढरी वाळू आणि माड.

तिथे संसाराचं वेळापत्रक ठरतं जहाजावर. तांदूळ, डाळ, कांदे, बटाटे, गॅसची टाकी, सगळं जहाजानं येतं. जहाज आलं की दोन दिवस भाजीचं दुकान भरलेलं, मग रिकामं. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाज लांबतं. म्हणून तिथल्या बायका मे महिन्यातच घर भरून ठेवतात, आपण बेगमी करतो तशी. मी नेलेलं ज्वारीचं पीठ दोन महिन्यांत संपलं. मग तांदळाची भाकरी थापायला शिकले. भाजीला शेवगा, पपई, केळी, नीरफणस आणि खोबरं तर रोजच. वाळूत काही उगवत नाही असं मला वाटायचं. शेजारणीनं दाखवलं, नारळाची सोडणं, पालापाचोळा आणि माशांची घाण खड्ड्यात कुजवायची आणि त्यात रोप लावायचं. त्यावर माझी मिरची आणि वांगी आली.

मासे खाणाऱ्यांची चंगळ. तिथे कुप्पा मासा, म्हणजे ट्यूना, गळ आणि काठीनं धरतात. तो उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवून लाकडासारखा टणक करतात. त्याला 'मास' म्हणतात. तो कितीतरी महिने टिकतो. जहाज नसलं तरी मास आणि नारळ घरात असला की चूल थांबत नाही.

आता पाण्याचं सांगते. चारी बाजूंनी पाणी आणि प्यायला मोजकं! बेटाची जमीन म्हणजे पोवळ्याची वाळू. पावसाचं पाणी तिच्यात मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. विहीर खोदली की थोड्याच खोलीवर गोडं पाणी लागतं. पण ते हळूहळू, बादली-बादलीनं घ्यायचं. मोटर लावून जोरात उपसलं की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर बिघडते. मग पुन्हा चांगला पाऊस पडून गोडं पाणी साठेपर्यंत वाट बघायची. संडासाचं पाणीही त्याच वाळूत मुरतं, म्हणून पिण्याचं पाणी उकळायचं.

कवरत्तीला २००५ साली समुद्राचं पाणी गोडं करणारा प्रकल्प सुरू झाला. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली ठेवून त्याची वाफ करतात आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्यानं ती वाफ गार करून गोडं पाणी मिळवतात. दिवसाला १ लाख लिटरची सोय. तरी बायका पागोळ्यांचं पाणी टाकीत धरतातच. एकाच सोयीवर सगळा भार टाकायचा नाही, ही तिथली समज.

माझ्या मनात आलं, आपल्याकडे बोअरला तळ नाही असं समजून आपण ५०० फूट, ७०० फूट खाली जातो. बेटावरच्या बाईला तळ रोज दिसतो, म्हणून ती जपून वापरते. आपला तळ दिसत नाही एवढाच फरक.

भाषेची पहिले काही महिने पंचाईत झाली. तिथे मलयाळमची एक बोली बोलतात. मी हातवारे करायची, त्या हसायच्या. पण पाण्याला 'वेळ्ळम', मिठाला 'उप्पू' एवढं आलं की शेजार सुरू होतो. शेजारच्या म्हाताऱ्या उम्मा, म्हणजे आई, मला रोज हाक मारायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "तुझं घर कुठलं?" मी सासरचं गाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "ते नवऱ्याचं. तुझं कुठलं?"

मला उत्तर सुचेना. तिथली माणसं मुसलमान आहेत, पण वंश आणि वडिलोपार्जित घर आईकडून चालतं. जुन्या रीतीनं लग्नानंतर मुलगी आईच्याच घरी राहते आणि नवरा तिच्याकडे येतो. त्या सामाईक मालमत्तेला 'शुक्रवारची मालमत्ता' म्हणतात. ती आईच्या वंशात राहते. स्वतः कमावलेली ती 'सोमवारची'. आता वेगळे संसारही होतात, रीतही बदलते आहे. पण घर बाईचं आहे, हे तिथे कुणी तिला पटवून द्यावं लागत नाही.

आपल्याकडे २००५ च्या कायद्यानं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी रक्षाबंधन गोड राहावं म्हणून आपण हक्कसोड पत्रावर सही करतो. करायची की नाही हे ज्या-त्या बाईनं ठरवावं. पण न वाचता, उभ्या-उभ्या करू नये. भाऊ चांगला असेल तर तो महिनाभर थांबेल.

तर मैत्रिणींनो, परक्या ठिकाणी लांब मुक्कामाला जाल तेव्हा दोन गोष्टी आधी विचारा: इथे पाणी कुठून येतं, आणि इथल्या बायका अडचणीच्या महिन्यांसाठी काय साठवतात. ज्या बाईला हे विचाराल, तिच्याशीच पहिली ओळख होईल. आणि येत्या बैठकीला प्रत्येकीनं घराचा नमुना ८ आणि शेताचा सातबारा घेऊन यावा. त्यावर आपलं नाव आहे का, ते सगळ्या मिळून वाचू.