देखभालीचा प्रमुख निवडताना



गणपती बसले की आदिलाबादच्या जिनिंगवाल्यांची धांदल सुरू होते. दसरा-दिवाळीला कापूस यायला लागतो. त्याआधी रोलर, सुऱ्या, बेअरिंग, मोटारी सगळं तपासून झालेलं हवं. या दिवसांत आपल्यातले कारखानदार आम्हाला विचारतात, "मेंटेनन्स सांभाळायला चांगला माणूस सांगा." आम्ही डिप्लोमावाले सरकारी नोकर, वीसेक वर्षं यंत्रांच्या सोबतीनं काढली, म्हणून विचारतात. माणूस सुचवण्यापेक्षा तो निवडायचा कसा, हे आज सांगतो.

मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : "मशीन बंद पडलं तर किती वेळात चालू कराल?" हा प्रश्न दुसरा ठेवा. आधी विचारा, "चालू मशीन तुम्ही स्वतःहून कधी थांबवलंत? मालकाला काय सांगितलंत?" ज्याच्याकडे याचं एकही उदाहरण नाही, त्याच्या हाती माणसांचे जीव देताना दहादा विचार करा.

हे का म्हणतो? भोपाळ आठवा. डिसेंबर १९८४ च्या त्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात निसटलेला वायू जाळणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढलेला होता. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. आणि रात्रपाळीच्या मेंटेनन्स सुपरवायझरचं पद काही दिवसांपूर्वीच कमी केलेलं होतं. हजारो माणसं गेली. कारणं अनेक होती. पण देखभालीची जागा म्हणजे वाचवायचा पगार, असं मानलं की काय होऊ शकतं, ते तिथं दिसलं.

आपल्या जिनिंगमध्ये विषारी वायू नाही, पण रुई आहे. तापलेलं बेअरिंग किंवा कापसातून आलेला लोखंडाचा तुकडा, एक ठिणगी पुरते. शिवाय अडकलेला कापूस काढायला कुणी हात घालतो आणि पलीकडचा स्विच दाबतो. चालू यंत्राजवळचं काम फक्त शिकवलेल्या माणसानं, अंगाला घट्ट बसणारे कपडे घालूनच करावं, त्याचं नाव रजिस्टरमध्ये असावं, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमानंच सांगितलं होतं. म्हणून उमेदवाराला विचारा, "दुरुस्ती चालू असताना स्विचला कुलूप कोण लावतो? किल्ली कुणाच्या खिशात असते?" "ज्याचा हात यंत्रात, त्याच्याच खिशात किल्ली," असं उत्तर चटकन आलं, तर माणूस कामाचा.

मग त्याला खुर्चीवरून उठवा. तासभर कारखान्यात फिरवा, सोबत आपला जुना फिटर द्या. तो कान देऊन बेअरिंगचा आवाज ऐकतो का, तेलाचा डाग पाहून थबकतो का, फिटरला काही विचारतो का, ते बघा. नंतर फिटरचं मतही घ्या. डिग्रीचा कागद याहून जास्त सांगत नाही. मात्र बॉयलर असेल, तर कायद्यानं लागणारा दाखला पाहिल्याशिवाय नेमणूक करू नका. तिथं सवलत नाही.

आपल्या गावाची आणखी एक गरज आहे. एकाच पाळीत तेलुगू, मराठी, उर्दू आणि गोंडी बोलणारे कामगार असतात. "थांब", "आपु", "बंद करो" यातला जो शब्द समोरच्याला कळेल, तोच क्षणात तोंडातून यायला हवा. आपली मुलं याच भाषांत वाढली आहेत. बाहेरून माणूस आणण्याआधी आपल्या पॉलिटेक्निकच्या, आयटीआयच्या मुलांकडे एकदा बघा.

आदिलाबादचा सिमेंट कारखाना १९९८ पासून बंद आहे. पूर्वी आपल्याच जिल्ह्यात असलेल्या कागजनगरची सिरपूर पेपर मिल २०१४ ला थांबली, ती २०१८ मध्ये नव्या मालकाकडे गेल्यावर पुन्हा उभी राहिली. ती बंद पडली पैशाच्या अडचणीनं. दोष देखभालीचा नव्हे. पण यंत्र थांबलं की त्याला गंज चढतो आणि त्याचा आवाज ओळखणारी माणसं पोटासाठी गाव सोडतात. गंज काढता येतो, गेलेली माणसं परत आणणं कठीण. म्हणून शेवटचा प्रश्न विचारा, "तुमच्या हाताखाली कोण कोण तयार झालं?" आणि दोन स्थानिक मुलांना शिकवण्याची अट नेमणुकीत घाला.

खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. यंदा त्याआधी नेमणूकपत्रात एक ओळ लिहा : "धोका दिसल्यास कुणालाही न विचारता यंत्र थांबवण्याचा अधिकार तुम्हाला आहे." ही ओळ लिहायला मालकाचा हात कचरत असेल, तर कितीही हुशार इंजिनिअर आणला तरी उपयोग नाही.

 गणपती बाप्पा मोरया!