माझा ताफा जिंकला आणि मित्र यायचा थांबला

आजचा विषय आहे एक भांडण. माझं आणि माझ्या तलासरीच्या मित्राचं. कारण काय, तर अवकाशयानं. हसू नका, महिनाभर बोललो नव्हतो.

मी डहाणूचा. आठवडाभर मुंबईत कोड लिहितो, शनिवारी लोकलने घरी. रविवारी मित्र तलासरीहून बाईकवर येतो आणि आम्ही ओटीवर ‘फुल थ्रस्ट’ मांडतो. इंग्लंडच्या जॉन टफ्लीचा खेळ. ठरलेल्या पॉइंट्समध्ये आपापली यानं स्वतः डिझाइन करायची, हल किती मजबूत, इंजिन केवढं, तोफा किती, आणि मग टेपने अंतर मोजत, फासे टाकत लढायचं. मिनिएचर परवडत नाहीत, म्हणून बाटलीची बुचं म्हणजे यानं आणि चिकूच्या बिया म्हणजे फायटर. डहाणूत बियांना तोटा नाही.

मित्राचा ताफा बघण्यासारखा असायचा. पुढे टेहळणीला दोन छोटी यानं, मध्ये ‘महालक्ष्मी’ नावाचं मोठं क्रूझर, आणि मागे एक मालवाहू, एकही तोफ नसलेलं. मी म्हटलं, हे कशाला? तर म्हणे, “इंधन कोण आणणार?”

मी काय केलं? पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली आणि रात्रभर हजारो ताफे एकमेकांशी लढवले. सकाळी उत्तर आलं: अंड्याच्या टरफलासारखा हल, बाकी सगळी जागा फायटरना. या खेळातले जुने लोक अशा यानाला साबणाचा फुगा म्हणतात. फुगा टेबलाच्या कोपऱ्यात लपून राहतो, फायटर जाऊन मारतात. समोरच्याच्या बचावाच्या तोफा एका वेळी ठरावीकच फायटर पाडू शकतात, त्यावरचे सगळे सुखरूप आत घुसतात. म्हणून फायटर दुप्पट केले की नुकसान दुपटीच्या कितीतरी पुढे जातं. तीन रविवार मी जिंकलो. चौथ्या रविवारी तो आलाच नाही.

मग मी त्याला व्हॉइस नोट पाठवली, थोडी फुशारकीच. म्हटलं, मी एकटा नाही रे. १९८१ साली अमेरिकेत ‘ट्रॅव्हलर’ खेळाची ताफ्यांची स्पर्धा होती, बजेट एक ट्रिलियन क्रेडिट. डग्लस लेनट नावाच्या संशोधकाने ताफा डिझाइन करायला आपला ‘युरिस्को’ हा प्रोग्रॅम लावला. त्यातून ९६ यानांचा विचित्र ताफा निघाला: बरीचशी यानं जेमतेम हलणारी, जाड चिलखताची, छोट्या छोट्या शस्त्रांनी भरलेली. लोक हसले, आणि हरले. पुढच्या वर्षी आयोजकांनी नियम बदलले, ताफ्याच्या चपळाईला महत्त्व दिलं. युरिस्कोचं उत्तर? आपलंच जखमी यान आपणच उडवून टाका, म्हणजे उरलेला ताफा चपळ. १९८२ सालीही तोच जिंकला. मग आयोजक म्हणाले, पुन्हा आलात तर स्पर्धाच बंद करू. लेनट थांबला.

मित्राचं उत्तर एका ओळीचं आलं: “त्या यानांत माणसं होती ना?”

त्याचे काका गुजरातच्या बोटीवर खलाशी आहेत. पावसाळ्यातली मासेमारी बंदी उठली की डहाणू-तलासरीतून कितीतरी जण असे जातात. काही जण समुद्रातली हद्द चुकली म्हणून वर्षानुवर्षं पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. त्याच्या घरी ‘जखमी यान उडवून टाका’ ही गंमत नव्हती. मला हे माहीत होतं. फक्त त्या क्षणी सुचलं नाही.

तरी माझं मत सांगतो, लेनट चुकला नाही. नियमांनी एवढंच विचारलं होतं की शेवटी कोण उरतं. स्पर्धेच्या ताफ्याला उद्या नसतोच. आणि छोट्या बोटींचा घोळका म्हणजे पॉवर-गेमिंग, असंही नाही. कान्होजी आंग्र्यांची गलबतं वारा पडला की वल्ही मारत मोठ्या जहाजांच्या मागच्या अंगाने जायची, कारण तिकडे तोफा कमी. पण त्यांच्यामागे कुलाबा होता, विजयदुर्ग होता, शिरायला खाड्या होत्या. १७५६ साली इंग्रज आरमार थेट विजयदुर्गच्या खाडीत शिरलं, तेव्हा तुळाजी आंग्र्यांचा दाटीने उभा असलेला ताफा आगीत गेला. नवे पॉइंट्स घेऊन पुढच्या रविवारी मांडायची सोय तिथे नव्हती.

मग मी बाईक काढून तलासरीला गेलो. चहा झाला, आणि आम्ही दोघांनी एक नियम लिहिला: तीन लढाया सलग, एकाच ताफ्यावर. गेलेले वैमानिक परत नाहीत, आणि इंधन मालवाहू यानातूनच.

पहिली लढाई मी आरामात जिंकली. दुसरीला माझ्याकडे निम्म्याच बिया उरल्या होत्या आणि इंधन आणायला काहीच नव्हतं, तेव्हा फुग्याला कोपरा सोडून पुढे यावं लागलं. ‘महालक्ष्मी’ने तो एका फेरीत फोडला. तिसरी लढाई अर्धवट आहे. काकांचा फोन आला आणि आम्ही फासे खाली ठेवले.