समुद्र दिसला पाहिजे: कोकण किनाऱ्यावर सायकलसाठी रस्ता कसा निवडावा

रायपूरहून बोलतोय. आपल्या गावापासून सगळ्यात जवळचा समुद्रसुद्धा शेकडो किलोमीटर दूर. कोकणात जायचं तर आधी नागपूर, भुसावळ करत अकराशेहून जास्त किलोमीटर रेल्वेने मुंबई गाठायची, मग कोकण रेल्वे धरायची. एवढं करून पोचल्यावर समुद्र दिसलाच नाही तर? असं होतं, आणि बऱ्याच जणांचं होतं. म्हणून आजचा विषय: रस्त्याचा कुठला तुकडा निवडायचा?

पहिली गोष्ट. मुंबई-गोवा महामार्ग, म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 66, हा किनाऱ्याचा रस्ता नव्हे. तो समुद्रापासून बराच आत, डोंगरांच्या बाजूने जातो, आणि ट्रक-बसची गर्दी वेगळीच. आपला रस्ता म्हणजे सागरी महामार्ग: रायगडमधल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत, सुमारे 500 किलोमीटर. नावावर जाऊ नका. बऱ्याच ठिकाणी तो गावातून जाणारा अरुंद डांबरी रस्ताच आहे.

आता मी काय म्हणतो ते नीट ऐका. हे 500 किलोमीटर सगळे करायलाच पाहिजेत असं नाही. आपल्यापैकी बरेच जण साठीच्या पुढचे. आठ दिवसांची सवड, गुडघे आहेत तसे. रोज सत्तर किलोमीटरचा हिशोब डोक्यात ठेवला की मान खाली जाते आणि डोळे हँडलवरच्या आकड्यांवर राहतात. त्यापेक्षा तीन तुकडे निवडा, मधलं अंतर टेम्पोने किंवा रेल्वेने पार करा.

तुकडा निवडायचा कसा? फौजेत कुठेही जाण्याआधी आम्ही नकाशावर जमीन वाचायचो. तीच सवय इथे उपयोगी पडते. नकाशावर रस्ता समुद्राला चिकटलेला दिसला म्हणून समुद्र दिसतोच असं नाही. मालवणजवळचं देवबाग घ्या. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. कागदावर याच्याइतकं सुंदर काही नाही. पण रस्ता सपाटीवर आहे, दोन्ही बाजूंना घरं, वाड्या आणि माड. सावली छान मिळते, समुद्र मात्र फटीतून डोकावतो. तिथे सायकल लावून पायीच फिरावं.

म्हणून तीन गोष्टी तपासा. रस्ता किनाऱ्याजवळ हवा. तो थोड्या उंचीवर, डोंगराच्या कुशीतून जाणारा हवा. आणि समुद्राची बाजू उघडी हवी. उपग्रहाच्या चित्रात रस्ता आणि पाणी यांच्यामध्ये हिरवं दाट दिसलं, तर ते सुरूचं बन किंवा नारळाची वाडी समजा.

या तिन्ही कसोट्यांवर उतरणारे दोन तुकडे सांगतो. पहिला, श्रीवर्धन ते दिवेआगर, आरवी-शेखाडीवरून, विसेक किलोमीटर. दुसरा, रत्नागिरी ते गणपतीपुळे, आरे-वारेवरून, पंचवीसेक किलोमीटर. आरे-वारेला रस्ता चढून वर येतो आणि खाली दोन किनारे एकदम दिसतात. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग असते. मधल्या वारी जा.

दोन्ही मी दक्षिणेकडून उत्तरेकडे सांगितले, ते मुद्दाम. आपण डावीकडून चालतो. उत्तरेकडे निघालात की समुद्र डाव्या हाताला, म्हणजे तुमच्याच बाजूला येतो. दक्षिणेकडे जाताना तो समोरून येणाऱ्या गाड्यांच्या पलीकडे राहतो. आणि निघायचं उजाडताच. ऊन पाठच्या डोंगरावरून पाण्यावर पडतं, रंग खुलतात. दुपारनंतर ऊन डोळ्यांवर येतं आणि समुद्राकडून वारा सुटतो. थंडीच्या दिवसांत तो बहुधा वायव्येचा, म्हणजे उत्तरेकडे जाणाऱ्याच्या तोंडावर. अकराच्या आत मुक्कामी पोचा.

तिसरा तुकडा म्हणून रस्ता नको, खाडी निवडा. दाभोळ-धोपावे किंवा तवसाळ-जयगड. सायकल फेरीबोटीत चढवायची आणि कठड्याला टेकून उभं राहायचं. या खाड्यांवर मोठे पूल बांधायचं काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे. पूल झालेच पाहिजेत. रात्री बाळंतपणासाठी निघालेल्या बाईला शेवटची फेरी चुकली तर काय, हे पलीकडच्या गावात राहणाऱ्याला विचारा. आपल्या देखाव्यासाठी त्यांनी अडकून पडावं असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. पण पूल झाल्यावर फेऱ्या किती टिकतील, हा प्रश्नच आहे. ज्यांना पाण्यावरून जायचं आहे, त्यांनी पुढच्या वर्षावर टाकू नये.

आता तयारी. कोकणात किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा. प्रत्येक खाडीला रस्ता वरच्या सड्यावरून पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा चढतो. दिवसात अशा दोन खाड्या आल्या तर चाळीस किलोमीटरही पुष्कळ झाले. आपलं रायपूर सपाट. नवा रायपूरच्या रुंद रस्त्यांवर दम वाढेल, पण चढाची सवय होणार नाही. त्यासाठी एक-दोनदा जगदलपूरच्या वाटेवरचा केशकाल घाट चढून या. सायकलला डोंगरी गिअर हवेत आणि ब्रेकची रबरं नवीन, कारण कोकणात उतार संपतो तिथे बहुतेक वळण असतं, नाहीतर एखादी म्हैस.

जायचं नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात कोकण सुंदर दिसतं, पण लाल मातीने रस्ते निसरडे होतात आणि हवा बिघडली की फेरी बंद. सायकल रेल्वेच्या पार्सलमध्ये पाठवणार असाल तर ती एक दिवस उशिरा मिळेल असं धरूनच पहिला मुक्काम ठरवा.

आज रात्री नकाशा उघडा आणि आपले तीन तुकडे स्वतः शोधा. मी सांगितलेले दोन त्यात नसले तरी हरकत नाही. जय हिंद.