चुलीचा धूर आणि कापसाचा भाव



प्रदूषण म्हटले की आपल्याला दिल्लीची हवा आठवते. घरात पऱ्हाटी-तुराट्या जळतात, त्या धुराला प्रदूषण कोणी म्हणत नाही. डोळे चुरचुरले की धूर झाला, चुरचुर थांबली की धूर गेला, हा आपला हिशेब. तो खोटा आहे. फुप्फुसात खोल उतरणारे कण केसाच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक. ते दिसत नाहीत. कार्बन मोनॉक्साइडला तर वासही नाही. खोकला अंगवळणी पडतो, रोग वाढत राहतो. कधी विडी न ओढलेल्या बाईलाही दम लागतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० साली घरातल्या धुराने जगात सुमारे ३२ लाख माणसे दगावली.

२०१६ साली उज्ज्वला योजना निघाली, शेगडी घरात आली. पण दुसरे सिलिंडर कापसाच्या पैशात बसेना. पऱ्हाटी पुन्हा चुलीत गेली. हा बायांच्या अडाणीपणाचा नव्हे, भावाचा प्रश्न आहे. भाव मागताना सिलिंडरही खर्चात धरा. तोवर सरपण वाळवून जाळा, जमेल तेव्हा चूल अंगणात मांडा. खोकला दोन आठवड्यांवर गेला तर दवाखाना गाठा.